बोलता येत नाही, पण भजन म्हणतात: असे का होते?

प्रश्न (तासगाव)
चार महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या भागात गुठळी अडकून वडिलांची उजवी बाजू लुळी पडली. पाय बराच सुधारला आहे आणि काठी टेकत ते द्राक्षबागेपर्यंत जातात. मात्र ज्या हाताने चाळीस वर्षे छाटणीची कात्री चालवली, त्याची बोटे अजून मिटत नाहीत. पाणी हवे असले तरी ‘ते, ते’ एवढेच म्हणतात, आणि संध्याकाळी भजनाला मात्र अख्खे कडवे न अडखळता म्हणतात. ते मुद्दाम बोलत नाहीत, असे घरातल्या काहींना वाटते. याची संगती कशी लावावी?

उत्तर १ (मिरज, फिजिओथेरपिस्ट)
मुद्दाम नव्हे, हे आधी घरात सर्वांना सांगा. हालचालीचे आदेश देणाऱ्या मेंदूच्या पट्टीत शरीराचा जणू उलटा नकाशा असतो: पायाचा भाग दोन्ही गोलार्धांच्या मधल्या फटीत, तर हात आणि चेहरा बाहेरच्या बाजूला, आणि त्यात बोटांनी व ओठ-जिभेने बरीच जागा व्यापलेली असते. या बाहेरच्या भागाला आणि त्याला लागूनच असलेल्या वाचेच्या केंद्राला एकच मोठी रोहिणी रक्त पुरवते, तर पायाच्या भागाची रोहिणी वेगळी आहे. म्हणून हात आणि वाचा एकदम जातात आणि पाय पुष्कळदा लवकर सावरतो. आदेशवाहक तंतूंपैकी बहुतेक मस्तिष्कपुच्छात (मेंदूचा मज्जारज्जूला जोडलेला सर्वांत खालचा भाग) बाजू बदलतात, त्यामुळे डावीकडची इजा उजवीकडे दिसते.

पॅरिसचे डॉक्टर ब्रोका यांनी 1861 मध्ये वर्णन केलेला रुग्ण ‘तां’ एवढाच उच्चार करी, पण त्याला बोललेले बरेचसे कळत असे. नवे वाक्य जुळवणे हे डाव्या गोलार्धाचे काम. पाठ असलेले गाणे, अंक, अगदी शिव्यासुद्धा, त्यावर तितक्या अवलंबून नसतात.

उत्तर २ (सातारा)
माझ्या आईला मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला होता. ती घडाघडा बोलायची, पण ताटातली उजवीकडची भाजी संपवून डावीकडची भाकरी तशीच ठेवायची. ताट फिरवून दिले की तीही खायची. नजर शाबूत होती, लक्षच त्या बाजूला जात नव्हते. त्यामुळे डावा मेंदू गणिताचा आणि उजवा कलेचा, ही लोकप्रिय वाटणी मला तरी पटत नाही.

उत्तर १ (पुन्हा)
अगदी बरोबर. तासगावकरांनी वाचा-उपचारतज्ज्ञांना अवश्य भेटावे. गरजेचे छोटे वाक्य चालीवर म्हणायला लावून, डाव्या हाताने ठेका धरून, मग हळूहळू चाल काढून घेण्याची पद्धत काही रुग्णांना उपयोगी पडते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. ‘पाणी दे’ हे भजनाच्या चालीवर काल म्हणून पाहिले. ‘पाणी’ आले, ‘दे’ राहिले.