अनुभव धागा : मियाझाकींनंतर घिबलीचं काय?

धागाकर्ती

जपानचा ॲनिमेशन स्टुडिओ घिबली आता निप्पॉन टीव्ही या तिथल्या वाहिनीची उपकंपनी आहे, हे बऱ्याच जणांच्या गावीही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ते जाहीर झालं. वाहिनीकडे ४२.३ टक्के मतदानहक्क गेले, अध्यक्षपदी वाहिनीचा माणूस आला, निर्माते तोशिओ सुझुकी चेअरमन झाले आणि दिग्दर्शक हयाओ मियाझाकी मानद चेअरमन. कारण त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं : मियाझाकी तेव्हा ८२ चे, सुझुकी ७५ चे, आणि पुढे कोण हे काही केल्या ठरत नव्हतं. मियाझाकींचा मुलगा गोरो यांचं नाव निघालं होतं, पण हे ओझं एकट्याला झेपायचं नाही म्हणून ते मागे सरले.

हा धागा अनुभवांचा आहे. कुठला सिनेमा सर्वांत भारी याची यादी कृपया नको, त्यावर मारामाऱ्या करून झाल्यात. तुमचा या स्टुडिओशी कसा संबंध आला आणि तो उद्या नावापुरताच उरला तर तुमचं काय जाईल, एवढं लिहा. कामाच्या निमित्ताने या क्षेत्राशी संबंध असलेल्यांनी जरा सविस्तर लिहा.

डोंबिवलीकर

चला, नारळ मी फोडतो. २०२० च्या फेब्रुवारीत नेटफ्लिक्सवर घिबलीचे सिनेमे यायला लागले आणि मार्चात आपण सगळे घरात कोंडले गेलो. लेक तेव्हा लहान होती. 'माय नेबर टोटोरो' लावला. त्यात बसस्टॉपचा प्रसंग आहे. पावसात दोघी बहिणी बाबांची वाट बघतायत, धाकटी थोरलीच्या पाठीवर झोपलीय, आणि शेजारी एक अगडबंब केसाळ प्राणी येऊन उभा राहतो. पावसासाठी डोक्यावर एक पान, बस्स. थोरली त्याला छत्री देते. झाडावरचे थेंब छत्रीवर टप टप पडतात आणि त्या आवाजाची त्याला अशी काही गंमत वाटते की तो धाडकन उडी मारून झाडावरचं सगळं पाणी खाली पाडतो. गोष्ट इंचभरही पुढे सरकत नाही. पण एरवी एका जागी न बसणारी आमची कन्या तोंडाचा आ वासून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने बाल्कनीत छत्री उघडली आणि आईला वरून मगाने पाणी ओतायला लावलं. शेजारच्या काकूंनी काय समजायचं ते समजून घेतलं असेल.

मला विचाराल तर स्टुडिओ राहो न राहो, हे सिनेमे कुठे पळून जात नाहीत. मग एवढी काळजी कशाची करायची, ते कोणीतरी समजावून सांगा.

लाइटबॉक्सवाली, पुणे

दादा, समजावते. मी आता ॲनिमेशन शिकवते. त्याआधी मुंबईतल्या एका स्टुडिओत परदेशी मालिकांसाठी इनबिट्वीनची कामं केली. म्हणजे मोठा कलाकार की-ड्रॉइंग काढणार आणि दोन कींच्या मधले कागद आमच्यासारख्यांनी भरायचे. कागद पेगबारवर, म्हणजे खुंट्यांच्या पट्टीवर, अडकवायचे, चारपाच बोटांत धरून फ्लिप करत बघायचे की हात नीट फिरतोय की मधेच अडखळतोय. पैसे ड्रॉइंगवर. त्यामुळे केसांची एक बट वाऱ्याने हलवावीशी वाटली तरी आपण ती हलवत नाही, कारण तेवढ्यात दुसरे दोन कागद होतात.

तुमच्या लेकीने पाहिलेला तो थेंब कोणीतरी एकेका कागदावर काढलाय, आणि काढणाऱ्याला त्यासाठी वेळ मिळाला होता. तो वेळ फुकट येत नाही. जपानी ॲनिमेशनमध्येही ड्रॉइंगवर पैसे हीच रीत होती. 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' १९८९ ला चालल्यावर घिबलीने माणसं पगारावर घ्यायला सुरुवात केली आणि नव्या मुलांना शिकवायला घेतलं. त्याचा दुसरा अर्थ असा की सिनेमा सुरू असो वा नसो, दर महिन्याला पगार द्यायचाच, म्हणून एक संपला की दुसरा लगेच उभा करायचा. २०१३ मध्ये मियाझाकींनी निवृत्ती जाहीर केली आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुझुकींनी सांगितलं की निर्मिती विभाग थांबवतोय. तिथली काही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी २०१५ मध्ये स्टुडिओ पोनोक काढला. पुढे म्हातारबुवांना पुन्हा सिनेमा करावासा वाटला तेव्हा माणसं नव्याने गोळा करावी लागली. 'द बॉय अँड द हेरॉन' चालू असताना सुझुकींनी २०२० मध्ये सांगितलं होतं : साठ ॲनिमेटर बसलेत आणि महिन्याला एक मिनिटाचं काम होतंय. महिन्याला एक मिनिट! आमच्याकडे हा आकडा सांगितला असता तर प्रॉडक्शन मॅनेजरला चक्कर आली असती.

आणि वारस कधी नव्हताच असं समजू नका. योशिफुमी कोंदो होते. १९९५ चा 'व्हिस्पर ऑफ द हार्ट' त्यांनी दिग्दर्शित केला, मियाझाकी आणि घिबलीचे दुसरे मोठे दिग्दर्शक ताकाहाता, दोघांच्याही कामात त्यांचा हात होता, आणि पुढचा माणूस म्हणून सगळे त्यांच्याकडेच बघत होते. जानेवारी १९९८ मध्ये ४७ व्या वर्षी महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फाटून गेले. त्यांच्या जाण्यात कामाच्या ताणाचा वाटा होता असं तेव्हापासून बोललं जातं. मियाझाकींच्या 'प्रिन्सेस मोनोनोके'ला सुमारे १,४४,००० सेल, म्हणजे पारदर्शक शीटवरची चित्रं, लागले होते, त्यातल्या किती हजारांवर मियाझाकींनी स्वतः पेन्सिल फिरवली म्हणतात. ही कामाची पद्धत माणूस घडवते आणि तीच त्याला खाते. माझ्या वर्गातली मुलं 'मला घिबलीसारखं काम करायचंय' म्हणतात तेव्हा मी त्यांना कोंदोंची गोष्ट सांगते. ती त्यांना आवडत नाही.

तेव्हा सिनेमे राहतील हे कबूल. जाईल ते हे : मिनिटभराच्या कामाला महिना देणारी जागा.

इचलकरंजीकर

ताई म्हणतात ते पटलं, पण मी गोरोच्या बाजूने बोलणार. आमचे यंत्रमाग. वडिलांचा हात असा की नुसत्या आवाजावरून कुठल्या मागाचा धोटा नीट जात नाहीये ते सांगायचे. मी बी.कॉम. करून धंद्यात आलो आणि अजूनही बाजारात 'अण्णांचा मुलगा' म्हणूनच ओळख. अण्णा असते तर असं केलं असतं, तसं केलं असतं. असं ऐकून ऐकून माणूस झिजतो हो.

गोरोंचा मूळ व्यवसाय बागा आणि उद्यानं आखण्याचा. टोकियोजवळच्या मिताकाच्या घिबली म्युझियमचे ते पहिले संचालक. २००६ मध्ये त्यांनी पहिला सिनेमा केला, त्याला खुद्द वडिलांचा विरोध, आणि वडील खासगी खेळातून मधेच उठून बाहेर गेले ते कॅमेऱ्यात टिपलं गेलंय. जगभरच्या लोकांनी पाहिलं. २०२० मध्ये कॉम्प्युटरवरचा सिनेमा केला तर चाहत्यांनी शिव्या घातल्या. उलट आइची प्रांतात २०२२ ला सुरू झालेलं घिबली पार्क त्यांनी उभं केलं, आणि तिथे लोकांची रीघ आहे. २०२४ मध्ये कान चित्रपट महोत्सवाने पूर्ण स्टुडिओला मानाचा पाम द'ओर दिला, तो घ्यायलाही गोरोच गेले. घर सांभाळायचं काम तो माणूस करतोच आहे. त्याने खुर्ची नाकारली तर मी म्हणेन शहाणा आहे. वाहिनीकडे हिशेब गेला, बरं झालं.

मिताकाजवळ

मी टोकियोत नोकरीला आहे, मूळ सातारचा. 'कंपनीने गिळलं' असा सूर भारतातून येतो, इथे मला तो फारसा ऐकू आला नाही. निप्पॉन टीव्ही आणि घिबलीचं साटंलोटं १९८५ पासूनचं, त्या वर्षी त्यांनी मियाझाकींचा 'नाउसिका' टीव्हीवर दाखवला. आजही शुक्रवारी रात्री घिबलीचा सिनेमा लागतो आणि लोक पन्नासदा पाहिलेला पुन्हा बघतात. घिबलीच्या 'लापुता'मध्ये शेवटी दोघं मुलं विनाशाचा मंत्र म्हणतात, त्या क्षणी सगळा देश फोनवर तोच शब्द टाइप करतो. ऑगस्ट २०१३ मध्ये एका सेकंदात १,४३,१९९ ट्वीट पडली होती, ट्विटरचा तेव्हाचा विक्रम. ऑफिसातले गंभीर चेहऱ्याचे साहेबसुद्धा यात असतात.

म्युझियमला पाहुण्यांना घेऊन बऱ्याचदा जातो. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे माणसं खरोखर बघतात. तिकिटाच्या बदल्यात फिल्मची छोटी पट्टी मिळते, ती उजेडाकडे धरायची आणि आपल्या वाट्याला कुठली फ्रेम आली ते शोधायचं. माझ्या आईच्या वाट्याला नुसतं आकाश आणि ढगाचा तुकडा आला. बाबांना मात्र माणूस मिळाला, तर आई म्हणते बदलून मागूया! खाली छोट्या थिएटरात फक्त तिथेच दाखवायचे लघुपट लागतात. 'टोटोरो'तली मांजराच्या आकाराची बस, म्हणजे कॅटबस, तिथे आहे, पण तिच्यात लहान मुलांनाच प्रवेश, याचं दुःख मी अजून विसरलेलो नाही.

माझी भीती इचलकरंजीकरांच्या उलट आहे. हिशेब चोख होईल, पार्क चालेल, टोटोरोच्या पिशव्या खपतील, आणि नव्या सिनेमाची गरजच कोणाला भासणार नाही.

नाशिकचा फोटोवाला

पिशव्यांचं सोडा, २०२५ च्या मार्चमध्ये काय झालं ते मी सांगतो. चॅटजीपीटीत फोटो टाकला की 'घिबली' होऊन येतो, हे एका रात्रीत पसरलं. मी लग्नाचे फोटो काढतो. एका जोडप्यासाठी आमच्याकडच्या पोराने हाताने चित्रं काढली होती, पत्रिकेवर टाकायला. ठरलेल्या पैशाच्या दिवशी नवरदेव फोन दाखवून म्हणतो, हे बघा दहा सेकंदांत झालं, तुमचे पैसे कशाचे? पोरगा काही बोलला नाही, पेनं गोळा केली. अर्धे पैसे सोडावे लागले.

तेव्हा मियाझाकींची एक जुनी क्लिप फिरत होती, 'हा जीवनाचा अपमान आहे' म्हणतात ती. ती मी शोधून पूर्ण पाहिली. २०१६ च्या माहितीपटातली आहे. काही तरुण त्यांना कॉम्प्युटरने हलवलेलं एक शरीर दाखवतात, डोक्याचा पायासारखा वापर करत सरपटणारं. मियाझाकींना आपला एक अपंग मित्र आठवतो, ज्याला हात वर करून टाळी देणंही जड जातं, आणि त्यावरून ते संतापतात. म्हणजे बोलणं फोटोच्या फिल्टरबद्दल नव्हतंच. पण त्याच बैठकीत मुलांना विचारतात, तुम्हाला शेवटी करायचंय काय? उत्तर येतं : माणसासारखं चित्र काढणारं यंत्र. ते ऐकून खोलीत जी शांतता पसरते ना, ती बघा. आमच्या पोराला मी ती क्लिप दाखवली नाही.

रविवार सकाळ

मी दूरदर्शनच्या पिढीतली. आमचा मोगली निप्पॉन ॲनिमेशनचा, १९८९ चा. त्याच कंपनीची मुळं ज्या चमूत आहेत, त्यात ताकाहाता आणि मियाझाकींनी १९७४ मध्ये 'हायडी' ही मालिका केली होती. हे मला फार उशिरा कळलं.

सगळे मियाझाकी मियाझाकी करताहात, म्हणून थोडं चिडून लिहिते. इसाओ ताकाहाता ५ एप्रिल २०१८ ला गेले आणि निम्मं घिबली तेव्हाच संपलं. ते स्वतः चित्रं काढत नसत. नऊ वर्षांचे असताना १९४५ च्या जूनमध्ये ओकायामावरच्या बॉम्बवर्षावात बहिणीसोबत अनवाणी पळाले होते, आणि ४३ वर्षांनी त्यांनी 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' केला, युद्धात अनाथ झालेल्या भावंडांचा. तो 'टोटोरो'च्या जोडीने एकाच दिवशी, एकाच तिकिटावर लागला होता, १६ एप्रिल १९८८. थिएटरातून बाहेर पडणाऱ्या आयांचे काय हाल झाले असतील! मी तो एकदाच पाहिलाय, त्यातला फळांच्या गोळ्यांचा डबा आठवला तरी पुरतं.

त्यांचा शेवटचा, 'प्रिन्सेस कागुया', आठ वर्षं चालला, सुमारे पाच अब्ज येन लागले, वसूल जेमतेम निम्मे. पैसे कोणी दिले? निप्पॉन टीव्हीचे तेव्हाचे प्रमुख सेइइचिरो उजिइए यांनी. ताकाहातांचा नवा सिनेमा बघायचाय, बस्स, एवढ्यासाठी. सिनेमा पुरा व्हायच्या आत, २०११ मध्ये ते गेले. तेव्हा वाहिनी वाईट की चांगली हा प्रश्न माझ्या मते फजूल. त्या खुर्चीत उद्या उजिइए बसतात की कोणी विक्रीचे तक्ते बघणारा, एवढंच बघायचं.

लाइटबॉक्सवाली, पुणे

ताई, हे वर्गात सांगणार. कोंदोंपेक्षा हे त्यांना आवडेल.

इचलकरंजीकर

आमच्याकडे उजिइए नाहीत, बँक आहे.

धागाकर्ती

मधे एक भर : टोरंटोच्या चित्रपट महोत्सवात, सप्टेंबर २०२३ मध्ये, स्टुडिओच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की मियाझाकी रोज ऑफिसला येतायत आणि नव्या सिनेमाच्या कल्पना मांडतायत. त्यांची निवृत्ती पहिल्यांदा 'मोनोनोके'च्या वेळी ऐकली होती. अजून लिहायचं असेल त्यांनी लिहा, धागा उघडा आहे.

डोंबिवलीकर

लाइटबॉक्सवाली ताई, मुद्दा पोचला. मिताकाजवळवाले, पुढच्या वर्षी लेकीला घेऊन यायचा विचार आहे. तिकिटं दारावर मिळतात का?

मिताकाजवळ

अजिबात नाही. दर महिन्याच्या १० तारखेला इथल्या सकाळी १० वाजता, म्हणजे तुमच्याकडे साडेसहाला, पुढच्या महिन्याची विक्री ऑनलाइन उघडते. वेळ ठरवून घ्यावी लागते, रविवार पटकन जातात. आणि लवकर या, कॅटबसला वयाची अट आहे.