दानधर्म होता, पण कुणाला?

काहींचं म्हणणं असं की एकोणिसाव्या शतकातले इंग्रज श्रीमंत भरपूर दानधर्म करत, म्हणजे गरिबांची कणव होतीच. दानधर्म होता, मान्य. पण १८३४ चा गरिबांसाठीचा कायदा बघा. धडधाकट माणसाला मदत हवी तर त्यानं वर्कहाऊसमध्ये, म्हणजे काम करवून घेऊन गरिबांना ठेवणाऱ्या आश्रयगृहात यावं, आणि तिथलं जगणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असावं, हे त्यामागचं उघड तत्त्व. नवरा-बायको वेगळे, मुलं वेगळी.

इंग्लंडमधल्या अँडोव्हर गावच्या वर्कहाऊसमध्ये खतासाठी हाडं कुटायचं काम असे. भुकेले लोक त्याच कुजक्या हाडांना चिकटलेलं मांस आणि आतला मगज खात, हे १८४५ मध्ये बाहेर आलं. संसदेनं चौकशी केली, १८४७ मध्ये हा कायदा राबवणारं कमिशन जाऊन त्याच्या जागी बोर्ड आलं. वर्कहाऊसं राहिलीच.

मेल्यावरही सुटका नव्हती. १८३२ च्या कायद्यानं वर्कहाऊसमधली बेवारस प्रेतं चिरफाडीसाठी वैद्यकीय शाळांना देता येऊ लागली. त्याआधी ही गत फाशी गेलेल्या खुन्यांची व्हायची! म्हणून तर कामगार पोटाला चिमटा काढून बरियल क्लबात, म्हणजे अंत्यविधीच्या खर्चासाठी वर्गणी जमवणाऱ्या मंडळात पेनी-पेनी भरत. आणि सुखवस्तू मंडळी यालाच गरिबांची उधळपट्टी म्हणून नाकं मुरडत.