साप्ताहिक पॉडकास्ट पंधरवड्यावर न्यायचा आहे, श्रोते टिकतील का?

शाईचा_डाग
कथावाचनाचा पॉडकास्ट, दर बुधवारी २५ मिनिटांचा भाग. एका भागाला ११ तास लागतात, आठवड्यात मिळतात ८. पंधरवड्यावर जावं, की भाग छोटे करून आठवडा सांभाळावा? आणि सरळ 'जमेल तसं' टाकलं तर?

कानसेन
'जमेल तसं' सोडून काहीही करा. श्रोत्याला तुमचं वेळापत्रक पाठ नसतं, बुधवारची सवय असते. ती मोडली की तो तक्रार करत बसत नाही, त्या वेळेला दुसरं काहीतरी लावतो.

पंधरवड्याचा हिशेब बसतो. १६ तासांतून ११ गेले, ५ उरले. म्हणजे दर पाच भागांमागे दोन भाग शिलकीत. किमान तीन तयार भाग हाताशी राहू द्या, आजारपण आणि बिघडलेला माइक दोन्ही त्यात निभावतात. इथे हमखास होणारी चूक एकच: शिल्लक साचली की उत्साहाने एका आठवड्यात दोन भाग सोडायचे. पुढच्या वेळी एकच आला की लोकांना तो कमी वाटतो, आणि शिल्लकही गेलेली असते.

मात्रा_वेलांटी
छोट्या भागांचा मोह मलाही पटत नाही, पण कारण वेगळं. लांबी निम्मी झाली म्हणून काम निम्मं होत नाही. आवाजाची पातळी जुळवणं, सुरुवातीचं संगीत, वर्णन, चित्र, अपलोड यांना भाग केवढाही असो, तेवढाच वेळ जातो. तो ३ तास धरा. उरलेले ८ तास जातात २५ मिनिटांच्या भागाला, म्हणजे १२ मिनिटांच्या भागाला जवळजवळ ४. एकूण ७. आठवड्याला हाती उरला एक तास! एक सर्दी झाली की संपलं.

शिवाय लांबीचीही सवय लागते. इंग्रजी लेखक डिकन्सची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी १८३६पासून महिन्याला एक अंक अशी यायची, पहिले दोन अंक सोडले तर ३२ पानांचा. वाचकाला दिवस आणि जाडी दोन्ही ठाऊक. १८३७मध्ये घरातल्या मृत्यूमुळे एक अंक चुकला, तेव्हा पुढच्या अंकात त्याचा खुलासा छापावा लागला होता.

कानसेन
बदल जाहीर करताना 'महिन्यातून दोनदा' म्हणू नका. त्याने वर्षाला २४ भाग होतात, 'एकाआड एक बुधवार' म्हटलं तर २६. आणि पाच बुधवार असलेल्या महिन्यात गोंधळ ठरलेला. पुढच्या तीन तारखाच सांगा. सलग तीन भागांत, आणि भागाच्या सुरुवातीला, कारण शेवटची दोन मिनिटं बरेच जण ऐकतच नाहीत. कथेच्या मध्येच वेग बदलू नका, चालू कथा संपू द्या.

महिन्याची वर्गणी घेत असाल तर ती कमी करा किंवा जास्तीचं काही द्या. चार भागांच्या पैशांत दोन, हे लोक बरोबर मोजतात.

आणि महिन्याचे एकूण डाउनलोड पाहून घाबरू नका. नवे भाग निम्मे झाल्यावर आकडा पडणारच. प्रत्येक भागाचे पहिल्या ७ दिवसांतले डाउनलोड काढा, बदलाआधीचे आठ आणि नंतरचे आठ भाग शेजारी ठेवा.

शाईचा_डाग
एकाआड एक बुधवार नक्की. मग एखादी आठ भागांची कथा पूर्ण रेकॉर्ड करून एकाच दिवशी सोडली तर?

मात्रा_वेलांटी
ऑडिओत जपून. बरीच अ‍ॅप फक्त सगळ्यात नवा भाग आपोआप उतरवतात, म्हणजे श्रोत्याच्या हाती पहिला पडणार तो आठवा. तेच भाग यूट्यूबवर टाकणार असाल, तर तिथेही एका चॅनेलच्या २४ तासांत जास्तीत जास्त तीनच सूचना सदस्याला जातात. सोडायचेच असतील तर सुरुवातीला दोन सोडा, पकड बसायला तेवढे पुरतात, बाकीचे ठरल्या बुधवारी. आणि शीर्षकात भाग क्रमांक आधी लिहा, कथेचं नाव नंतर. मोबाइलवर लांब शीर्षकाचं शेपूट कापलं जातं.