स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकासाठी केंद्र निवडताना : जवळचे की जाणकार?

मांजराकाठ (लातूर)

घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला डिमेन्शिया झाला आणि तिला सांभाळणे घरच्यांच्या हाताबाहेर गेले, की मराठवाड्यातील मध्यमवर्गीय कुटुंबापुढे साधारणपणे दोन वाटा उरतात. एक म्हणजे पुण्याकडचे, याच आजारासाठी चालवले जाणारे खर्चिक केंद्र. दुसरी म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या आसपासचा एखादा वृद्धाश्रम, जो असे आजी-आजोबाही ठेवून घेतो. आमच्या थोरल्या काकांच्या बाबतीत यावरून घरात सरळ दोन तट पडले आहेत. माझे मत मी येथे मांडतो. कोणी ते खोडून काढले तरी हरकत नाही.

ज्या केंद्रात घरचे माणूस आठवड्यातून एकदा तरी, आधी न कळवता, जाऊ शकत नाही, त्या केंद्राचा दर्जा आपल्याला ठरवताच येत नाही. माहितीपत्रक, खोल्यांचे फोटो, व्हॉट्सॲपवर येणारे वाढदिवसाचे व्हिडिओ हे सारे संस्थेने आपल्याला दाखवायचे ठरवलेले असते. या आजाराच्या रुग्णाला तक्रार करता येत नाही, आणि त्याने केलीच तर ती आजाराच्या खाती जमा होते. म्हणून पाहणारा घरचा डोळा हाच खरा तपासनीस, आणि तोही सकाळी अकरा वाजता नव्हे, तर संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान हजर असावा. दिवस मावळताना अनेक रुग्णांची तगमग वाढते, 'मला घरी जायचे' असा धोशा सुरू होतो, आणि नेमक्या त्याच वेळी कर्मचाऱ्यांची पाळी बदलते. त्या दोन तासांत आवाज चढतात की कोणी हात धरून अंगणात फेरी मारून आणते, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

दुसरे कारण ओळखीचे. आमचे काका निजामाच्या अमदानीत उर्दू शाळेत शिकले. अलीकडे ते हिशेब उर्दूत करतात, आणि हातात नोट ठेवली की 'हाली की कलदार?' असे विचारतात. निजामाचा शिक्का 'हाली' आणि इंग्रजांचा 'कलदार', हे आमच्याकडच्या जुन्या घरांत सर्वांनी ऐकलेले असते. पुण्याच्या एका केंद्रात चौकशीला गेलो असता तेथील तरुण समुपदेशकाने या प्रश्नाची नोंद 'असंबद्ध बोलणे' अशी करून घेतली. अशा ठिकाणी प्रशिक्षण कितीही असले तरी काकांना समजून घेणारे कोण असेल?

परभणीकर

आपल्या काकांचा प्रश्न त्या समुपदेशकाला समजावून सांगितला असता तर तो दोन मिनिटांत शिकला असता. रुग्णाला गिळायला त्रास होऊ लागला आहे हे ओळखणे, त्याला ताठ बसवून, घास लहान करून, एक घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा देणे, हे मात्र जवळच्या आश्रमातील जो माणूस स्वयंपाकही करतो आणि रात्री फाटकाशीही झोपतो, तो कोणाकडून शिकणार?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीच्या आधारे, देशातील साठीपुढील व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज मांडला गेला. एवढ्यांना पुरतील अशी खास केंद्रे देशातच नाहीत. मराठवाड्याच्या वाट्याला तर मनोविकारांच्या सोयी पहिल्यापासून तुटपुंज्या आल्या. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. त्यामुळे आपल्याकडचे वृद्धाश्रम हे रुग्ण घेतात, त्यात कधी दया असते, कधी गरज असते. परंतु ते चालतात मात्र वृद्धाश्रमासारखेच, म्हणजे सकाळी चहा, दुपारी जेवण, संध्याकाळी भजन आणि रात्री कुलूप.

आता आपल्या 'घरच्या डोळ्या'विषयी. माझी आई आमच्या शहरालगतच्या एका आश्रमात होती आणि मी नियमाने जात असे. मला दिसले ते एवढेच की आई शांत झाली आहे, भांडत नाही, दिवसा डुलक्या घेते. प्रत्यक्षात संध्याकाळच्या गोळीची मात्रा वाढवलेली होती, आणि ती कोणाच्या सांगण्यावरून वाढवली याची कागदावर एका ओळीचीही नोंद नव्हती. हे एका बाहेरच्या डॉक्टरने डबी पाहून सांगितले. नुसते जाऊन बसण्याने दर्जा कळत असता, तर तो मला कळायला हवा होता. म्हणून महिन्यातून एकदाच जाता आले तरी चालेल, पण जेथे प्रशिक्षित परिचारिका चोवीस तास आहे अशाच ठिकाणी ठेवावे, या मताचा मी आहे.

निवृत्त अधिपरिचारिका, नांदेड

परभणीकरांनी गोळीचा विषय काढला म्हणून लिहिते. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल यांसारखी रुग्णाला शांत करणारी औषधे वाईट नाहीत. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तेव्हा ती लागतात. परंतु डिमेन्शियाच्या वृद्ध रुग्णांत ती दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यांतील नव्या औषधांवर २००५ पासून आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांवर २००८ पासून छापायला लावला आहे. म्हणून केंद्रात गेल्यावर 'औषधे वेळेवर देता ना?' असे विचारू नये. उत्तर 'हो' असेच येणार. त्याऐवजी, हे औषध कोणत्या डॉक्टरांनी, कोणत्या वागणुकीसाठी सुरू केले, आणि ते कमी करून पाहण्याची तारीख कोणती, असे विचारावे. तारीख ठरलेली नसेल तर ते औषध रुग्णासाठी नसून रात्रपाळीसाठी आहे, असे खुशाल समजावे.

बांधून ठेवण्याबाबतही हेच. ओढणीने खुर्चीला बांधलेले आजोबा मी एकाहून अधिक संस्थांमध्ये पाहिले आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी 'पडू नयेत म्हणून' हेच उत्तर मिळाले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आजाराची जी व्याख्या आहे तिच्यात स्मृतीचा आणि स्थळकाळाच्या भानाचा गंभीर बिघाड येतो. याच कायद्याच्या कलम ९७ नुसार रुग्णाला बांधणे हा तत्काळ होणारी इजा टाळण्याचा एकमेव मार्ग उरला असेल तेव्हाच ते करता येते. त्याला मनोविकारतज्ज्ञाची मंजुरी लागते आणि त्याची नोंद ठेवावी लागते. संस्थेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, हेही विचारावे. नुसत्या विचारण्यानेच समोरच्याची बसण्याची पद्धत बदलते, हा माझा अनुभव आहे.

बाकी तपासणीला माझ्या मते दवाखान्यातील शिक्षण लागत नाही. जो रुग्ण पूर्ण अंथरुणाला खिळला आहे त्याच्या खोलीत नेण्याची विनंती करावी. चालते-बोलते आजोबा कोणीही नीट ठेवतो. संस्था कळते ती शेवटच्या टप्प्यातील माणसावरून. आपला माणूस तेथे असेल तर पायमोजे काढून टाचा पाहाव्यात आणि कुशीवर वळवून माकडहाडाची जागा पाहावी. तेथील कातडी लाल होऊन, बोटाने दाबले तरी लाली जात नसेल, तर दर दोन तासांनी कूस बदलण्याचा तक्ता भिंतीवर कितीही सुबक अक्षरांत भरलेला असो, तो एका बैठकीत भरलेला आहे. वजनाची नोंद महिन्याला होते का ते पाहावे. जेवणाच्या वेळी भरवून घ्यावे लागणारे किती आणि भरवणारे हात किती, हे मोजावे; एका रुग्णाला नीट भरवायला अर्धा तास सहज लागतो. फिनेलचा उग्र वास आला तर मी तरी खूश होत नाही.

आपल्याकडे आणखी एक कसोटी आहे, ती म्हणजे मे महिना. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. ज्या संस्थेत निम्मे रहिवासी डायपरवर आहेत तेथे टँकर एक दिवस उशिरा आला तर काय करता, आंघोळी किती दिवसांआड होतात, वीज गेल्यावर पंखा चालतो का, हे प्रश्न पुण्याच्या माहितीपत्रकात सापडणार नाहीत. या रुग्णांना तहान लागते पण ती सांगता येत नाही. तांब्या उशाशी असला तरी तो आपल्यासाठी आहे हेही उमगत नाही. परभणीच्या बेचाळीस अंशांत पेला ओठांशी कोणी लावते का, ते पाहावे. लघवी कमी होऊन जंतुसंसर्ग झाला की रुग्ण एकाएकी जास्त भ्रमिष्टासारखा वागू लागतो, आणि मग 'आजार वाढला' म्हणून त्याच जुन्या गोळीची मात्रा वाढते.

सिंदफणा (बीड)

हे सर्व वाचून मला एवढेच वाटते की एवढी तपासणी करण्याची वेळ आली तर माणूस घरीच का ठेवू नये? दिवसाची एक मावशी आणि रात्रीचा एक मुलगा ठेवला तर पुण्याच्या केंद्रापेक्षा खर्च कमी होतो. आमच्या गावाकडे वेडसर झालेली म्हातारी माणसे ओसरीवरच गेली. सारी गल्ली त्यांच्यावर लक्ष ठेवत असे.

जालन्याची सून

सिंदफणा यांच्या ओसरीवर त्या म्हाताऱ्या माणसाचे लुगडे-धोतर कोण बदलत होते, हे त्यांनी लिहिलेले नाही. 'घरी ठेवावे' या वाक्याचा कर्ता नेहमी पुरुष असतो आणि क्रिया करणारी सून असते. मावशी दोन दिवस येते, तिसऱ्या दिवशी तिच्या घरी लग्न असते. रात्रीचा मुलगा मोबाइल घेऊन झोपतो. माझ्या सासूबाई पहाटे कडी काढून थेट मोंढ्याच्या रस्त्याला लागत, तेव्हा त्यांच्यामागे धावणारी मीच होते, आणि गल्ली खरोखर लक्ष ठेवून होती, पण ते माझ्यावर. केंद्राचा दर्जा तपासावा हे सर्वांना पटते; घराचा दर्जा मात्र कोणी तपासत नाही.

मला एवढेच विचारायचे आहे की, रुग्ण अंथरुणाला खिळल्यावर किंवा मारायला लागल्यावर 'तुमचे माणूस घेऊन जा' असा फोन करणारी केंद्रे आहेत, त्यांना ओळखायचे कसे? आमचा असा फोन येऊन गेलेला आहे.

एका लहान केंद्राचे चालक, छत्रपती संभाजीनगर

जालन्याच्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर करारात असते आणि तो सही करण्याआधी कोणी वाचत नाही. कोणत्या अवस्थेपर्यंत ठेवू, रुग्णालयात हलवण्याचा निर्णय रात्री कोण घेईल, परत पाठवायचे असल्यास किती दिवसांची पूर्वसूचना देऊ, हे लेखी मागावे. जे लेखी देत नाहीत त्यांचा फोन येणारच.

परंतु येथे सर्व तपासणी एकाच बाजूची चालली आहे, म्हणून दुसरी बाजू लिहितो. आमच्याकडे रुग्ण आणताना 'रात्री फक्त थोडे उठतात' असे सांगितले जाते, आणि पहिल्याच रात्री कळते की ते भिंतीवर चढून जातात. घरच्यांनी खरे सांगितले तर आम्ही त्याप्रमाणे माणूस ठेवू. ज्या गोळीवर येथे टीका झाली तीच गोळी 'जास्त द्या, पण त्यांना शांत ठेवा' असे सांगणारे मुलगे मी पाहिले आहेत. आम्ही प्रवेशापूर्वी घरी जाऊन रुग्णाला पाहतो. केवळ फोनवर बोलून त्याच संध्याकाळी खाट देणाऱ्या ठिकाणापासून दूर राहावे, हा माझा सल्ला धंद्याच्या विरुद्ध असला तरी देतो.

न कळवता येण्याबद्दल माझा विरोध आहे, आणि तो लपवण्यासारखे काही आहे म्हणून नाही. सकाळी सात ते नऊ या वेळेत आमच्याकडे आजींच्या आंघोळी चालतात. कोणा एकाचा भाचा फाटक उघडून आत शिरतो तेव्हा तो आपल्या आत्याला पाहायला आलेला असतो, पण उघड्या पडतात त्या दुसऱ्या चार बाया. त्यांची लाज राखणे हाही दर्जाचाच भाग आहे.

आणि एक गोष्ट कोणी विचारत नाही : गेल्या सहा महिन्यांत किती जण पडले? 'आमच्याकडे कोणी पडतच नाही' असे उत्तर आले तर तेथून निघावे. चालू दिलेला माणूस कधी ना कधी पडतो. जेथे कोणी पडत नाही तेथे एकतर कोणाला चालू देत नाहीत किंवा नोंद करत नाहीत.

परभणीकर

चालकांचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. परंतु लहान केंद्रात रात्री दोन वाजता कोण असते, हे त्यांनी लिहिलेले नाही. पुण्याचे केंद्र मी सुचवतो ते त्या एका प्रश्नासाठी.

चालक, छत्रपती संभाजीनगर

रात्री दोन काळजीवाहक जागे असतात आणि परिचारिका फोनवर उपलब्ध असते, तेथे हजर नसते. ती ठेवायची तर महिन्याचे शुल्क वाढेल आणि आत्ताच्या निम्म्या कुटुंबांना ते परवडणार नाही. येथील शासकीय घाटी रुग्णालय जवळ आहे, हे आमचे बळ आहे. त्याहून अधिक दावा मी करणार नाही.

मांजराकाठ (लातूर)

आंघोळीच्या वेळेचा आक्षेप रास्त आहे; मी सकाळ सोडतो, संध्याकाळ सोडत नाही. पाच ते सात या वेळेत बैठकीच्या खोलीपर्यंत तरी न कळवता येऊ द्यावे, ही अट मी करारात घालून मागणार आहे. परभणीकरांचे रात्रीच्या परिचारिकेबाबतचे म्हणणे बिनतोड आहे, तरीही माझा कल बदललेला नाही. प्रशिक्षित परिचारिका असलेल्या दूरच्या ठिकाणीही टाचा पाहायला कोणी जायला हवेच, आणि आमच्या घरात पुण्याला नियमाने जाऊ शकेल असे कोणी नाही. अधिपरिचारिका ताईंनी सांगितलेला औषधांचा आणि चालकांनी सांगितलेला पडझडीचा कागद मात्र मी दर भेटीत पाहायला मागेन. चालक महोदय तो दाखवतील का?

चालक, छत्रपती संभाजीनगर

आपल्या काकांचे पान दाखवू. वही हातात देणार नाही, कारण तिच्यात इतरांची पाने आहेत. येण्यापूर्वी काकांच्या सवयींचा एक कागद मात्र आपण लिहून आणावा, त्यात हाली-कलदारचा उल्लेख असावा, आणि ते खोटे वाटले तरी काय उत्तर दिल्याने त्यांचे समाधान होते तेही लिहावे.

मांजराकाठ (लातूर)

'कलदार' म्हटले की ते नोट खिशात ठेवतात.