सायलीचा रिपोर्ट आणि फॅमिली ग्रुप

सायली: जागे आहात का कुणी? माझा रिपोर्ट आला, तो ३६व्या आठवड्यात स्वॅब घेतला होता ना त्याचा. जीबीएस पॉझिटिव्ह लिहिलंय. डॉक्टर म्हणाल्या काळजी करू नकोस, डिलिव्हरीच्या वेळी इंजेक्शन देऊ, आणि लगेच पुढच्या पेशंटला बोलावलं. मला बाहेर येईपर्यंत काही विचारायचं सुचलंच नाही आणि आता डोक्यात नुसते प्रश्नच प्रश्न

काका: अरे देवा. जीबीएस म्हणजे तेच ना हातपाय लुळे पडतात ते, पेपरात आलं होतं. व्हेंटिलेटर लागतो त्याला

आई: काय????

आई: सायली फोन उचल

आत्या: दादा थांब जरा. वहिनी तुम्ही पण थांबा. पेपरातला जीबीएस म्हणजे गुलेन बॅरे सिंड्रोम, तो नसांचा आजार. हिचा जीबीएस म्हणजे ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस, एका जंतूचं नाव आहे, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. इतकी वर्षं लेबर रूममध्ये काढली मी, असे रिपोर्ट खूप पाहिलेत

काका: सॉरी. डिलीट करू का तो मेसेज

प्राची वहिनी: आता काय उपयोग काका, सगळ्यांनी वाचला

सायली: आत्या मग हा जंतू मला आला कुठून? मला तर काहीच होत नाहीये, ताप नाही, जळजळ नाही, काही नाही

आत्या: काही होणारच नाही, कारण तू आजारी नाहीयेस. हा जंतू आतड्यात राहतो, तिथून योनीमार्गात येतो, म्हणून तर स्वॅब दोन्हीकडून घेतात, आधी पुढून मग मागून (पुरुष मंडळींनी वाचून सोडून द्यावं). साधारण चार-पाच गरोदर बायकांमागे एकीत तो सापडतो. बाईला बहुतेक वेळा त्रास नसतो, प्रश्न असतो तो बाळ बाहेर येताना. त्याच्या अंगावर हा जंतू गेला आणि त्यातल्या एखाद्या बाळात रक्तात, फुप्फुसात किंवा मेंदूच्या आवरणात इन्फेक्शन झालं तर ते गंभीर असतं. म्हणून ती तपासणी

मावशी: म्हणून मी म्हणत असते या दिवसांत स्वच्छता जास्त ठेवायची गं. बाहेरची बाथरूम वापरायचीच नाहीत

प्राची वहिनी: मावशी प्लीज. मला पण पॉझिटिव्ह आला होता आणि मी तेव्हा दिवसातून दोनदा अंघोळ करत होते

मावशी: अगं मी सहज म्हटलं, काळजीने

आत्या: अस्वच्छतेने होत नाही हा. उलट आतून धुवायला जाऊ नकोस सायली, कुठलंही लिक्विड वापरू नकोस, त्याने जंतू जात नाही आणि नाजूक जागेची आग होते ती वेगळी. आणि काय खाल्लं, कुठे बसलीस, कुणाच्या घरी गेलीस याचा पण काही संबंध नाही

सायली: थँक्यू आत्या, हेच ऐकायचं होतं. दुपारपासून मी हेच आठवत बसलेय की माझं चुकलं काय. पहिल्या वेळी तर निगेटिव्ह होता

आत्या: असतंच तसं, हा जंतू येतो जातो. म्हणून मागच्या बाळंतपणाचा रिपोर्ट या वेळी चालत नाही आणि चौथ्या महिन्यात करून ठेवलेला पण नाही. ३६-३७ आठवड्यांना करतात कारण त्या रिपोर्टवर साधारण पाच आठवडे विसंबता येतं, तेवढ्यात डिलिव्हरी होऊन जाते

सायली: बरं अजून एक, रोहन विचारतोय पण ग्रुपवर लिहायला लाजतोय. त्याच्यामुळे झालं का आणि त्याला गोळ्या घ्याव्या लागतील का

आत्या: नाही आणि नाही. हा त्या प्रकारचा आजार समजत नाहीत. जावईबापूंनी शांत झोपावं

रोहन: थँक्यू आत्या. (आता लिहिलंच आहे तिने तर) मग आत्ताच अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन हे संपवून का टाकत नाहीत? अजून तीन आठवडे आहेत ना

प्राची वहिनी: मी पण हेच विचारलं होतं!! आपल्याला वाटतं ना की घरात साप दिसला तर आत्ताच मारा, अंगणात यायची वाट कशाला बघायची

आत्या: गोळ्यांनी तात्पुरता कमी होतो, पण आतड्यात ठाण मांडलेलं असतं, काही दिवसांनी परत येतो. म्हणजे आत्ता गोळ्या घेऊनही डिलिव्हरीच्या दिवशी तो हजर असू शकतो. म्हणून कळा सुरू झाल्यावर शिरेतून देतात, म्हणजे औषध आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचतं आणि नेमक्या त्या वेळी जंतू दबतात. फक्त लघवीच्या तपासणीत हाच जंतू जास्त प्रमाणात सापडला किंवा लघवीचं इन्फेक्शन असलं तर आधी पण गोळ्या देतात, आणि कळांच्या वेळी तरीही सलाईनमधून द्यावंच लागतं. सायलीच्या लघवीत नाहीये ना?

सायली: नाही, ती क्लिअर आहे

मावशी: हा मेसेज डिलीट करण्यात आला

सायली: मावशी काय होतं ते

मावशी: काही नाही गं, एक फॉरवर्ड होतं घरगुती उपायाचं, दुसऱ्या ग्रुपवरून आलेलं. आत्याने वर लिहिलेलं वाचलं आणि काढून टाकलं

प्राची वहिनी: मावशी लव्ह यू

अमित दादा: मी उशिरा जॉइन झालो. इथे इंग्लंडमध्ये आमच्या वेळी ही टेस्ट केलीच नव्हती, सगळ्यांची करतच नाहीत इथे. आधीच्या बाळाला झालं असेल, महिने भरायच्या आत कळा आल्या किंवा कळांमध्ये ताप चढला अशा बायकांना अँटिबायोटिक देतात. अमेरिकेत मात्र सगळ्यांची करतात. म्हणजे किती घाबरायचं यावर देशादेशांचं एकमत नाहीये हे लक्षात घे

सायली: दादा यातून मी नेमकं काय समजू?

अमित दादा: की जिथे तपासतच नाहीत तिथे पण बहुतेक बाळं ठणठणीत जन्मतात. तुझं तर आधीच कळलंय, म्हणजे तू पुढेच आहेस

आत्या: आकडा सांगते तो लक्षात ठेव. पॉझिटिव्ह आईला औषध दिलंच नाही तर जवळपास २०० बाळांत एकाला पहिल्या आठवड्यात आजार होतो. कळांमध्ये औषध दिलं तर ४००० मध्ये एकाला. अमेरिकेच्या सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा आकडा आहे, माझा नाही. म्हणजे औषध न देता पण १९९ बाळं सुटतात, आणि तरी औषध द्यायचं कारण ते एक बाळ कुणाचं असेल ते आधी कळत नाही

सायली: हे कुणीतरी दुपारीच सांगायला हवं होतं मला

आई: सिझर करून टाकलं तर? मग बाळ त्या वाटेने येणारच नाही

आत्या: वहिनी फक्त यासाठी सिझर कुणी करत नाही, आणि करू पण नये. दुसऱ्या कारणाने ठरलेलं असेल आणि कळा, पाणी काहीही सुरू व्हायच्या आधी झालं तर हे औषध लागत पण नाही. पण नॉर्मल होणाऱ्या बाईचं पोट यासाठी कापायचं, हे काही मला पटत नाही

प्राची वहिनी: सायली माझं सांगते. मला वाटलं होतं दिवसभर सलाईनला बांधून ठेवतील पण तसं काही नसतं, पेनिसिलिन दर चार तासांनी देतात आणि प्रत्येक डोस थोड्याच वेळात संपतो, मग सुई हातात ठेवून नळी काढतात, मी मधल्या वेळात चकरा मारत होते. औषध जाताना हाताची शीर जळजळते, ते सिस्टरला सांगायचं, त्या हळू सोडतात. डाव्या हाताला लावा म्हण. आणि मी उशिरा पोचले होते, डोस लागला आणि दोन-अडीच तासांतच बाळ आलं, म्हणून त्यांनी बाळावर जास्त वेळ लक्ष ठेवलं, श्वास मोज, ताप बघ. काही झालं नाही, पण मी त्या वेळात एक मिनिट झोपले नाही

आत्या: हे महत्त्वाचं आहे, ग्रुपमध्ये दहा वेळा वाचा. बाळ यायच्या आधी निदान चार तास औषध गेलेलं असेल तर पुरेसं धरतात. कमी वेळ मिळाला तरी देतातच, दोन तासांत पण जंतू बरेच कमी होतात, आणि वेळ भरायला म्हणून डिलिव्हरी धरून ठेवत नाहीत. पण सायलीचं पहिलं बाळंतपण किती भरभर झालं आठवतंय ना सगळ्यांना? दुसरं त्याहून लवकर होऊ शकतं. म्हणजे कळा दहा मिनिटांवर येऊ देत मग बघू, हे या वेळी चालणार नाही. कळा नियमित वाटल्या की हॉस्पिटलला फोन आणि निघायचं

आत्या: आणि पाणी गेलं तर कळा नसल्या तरी निघायचं. कळा नाहीत म्हणून घरी बसून वाट बघायची नाही, पाणी जाऊन जितका वेळ जातो तितका धोका वाढतो, १८ तासांच्या पुढे तर फारच. पॉझिटिव्ह असेल तर डॉक्टर बहुतेक कळांचं औषध पण लगेच सुरू करतात

रोहन: फोन केल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं ते पण सांगा, मी गडबडतो

आत्या: "जीबीएस पॉझिटिव्ह आहे, आठवडे इतके, दुसरं बाळंतपण." बस. आणि रिपोर्टची झेरॉक्स फाइलच्या पहिल्याच पानावर लावा, त्या रात्री ड्यूटीवर कोण असेल सांगता येत नाही. फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये

सायली: आत्या, एक राहिलं. फॉर्मवर मी पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी लिहिलीये. आई नेहमी सांगते म्हणून

आत्या: हे आत्ता सांगतेस!! वहिनी, काय झालं होतं नेमकं? लगेच झालं होतं का? अंग सुजलं होतं, ओठ, डोळे? दम लागला होता?

आई: नाही हो. चार वर्षांची असेल, ताप होता, पातळ औषध दिलं होतं, दोन-तीन दिवसांनी पोटावर बारीक लाल पुरळ आलं. खाज पण नव्हती फारशी. आपोआप गेलं. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले पुढे हे औषध देऊ नका, मी तेच लक्षात ठेवलं

आत्या: हे सगळं असंच्या असं डॉक्टरांना सांगा, "अ‍ॅलर्जी आहे" एवढंच नाही. लहानपणी तापातलं पुरळ म्हणून अ‍ॅलर्जीचा शिक्का बसलेले किती तरी जण खरे अ‍ॅलर्जिक नसतात. पण ते आपण ग्रुपवर ठरवायचं नाही. हलकं होतं असं त्यांना वाटलं तर सेफाझोलिन नावाचं दुसरं अँटिबायोटिक देतात, किंवा आधी अ‍ॅलर्जीची टेस्ट करतात, ती गरोदरपणात करता येते. आणि खरंच जोराची असेल तर लॅबला कळवायला लागतं, म्हणजे याच जंतूवर क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक चालतं का ते बघतात, कारण बऱ्याच जणींच्या जंतूवर ते चालत नाही, मग व्हॅन्कोमायसिन हे वेगळं अँटिबायोटिक देतात. उद्याच फोन कर. कळांमध्ये ही चर्चा नको

सायली: उद्या सकाळी पहिलं काम

मावशी: आणि बाळ आल्यावर? दूध पाजायचं ना?

आत्या: बिनधास्त पाजायचं. घरी आल्यावर लक्ष फक्त बाळाकडे. बाळ दूध ओढत नसेल, उठवून उठत नसेल, कण्हत असेल, भराभर श्वास घेत असेल, अंग तापलं किंवा उलट गार पडलं, रंग निळसर वाटला, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. आणि कळांमधलं औषध पहिल्या आठवड्यातल्या आजारासाठी असतं. एक आठवडा ते तीन महिने या काळात पण कधी कधी होतो, त्यावर या औषधाचा उपयोग नाही. क्वचितच होतो, पण सांगून ठेवते

सायली: शेवटचं वाक्य नसतं सांगितलं तर चाललं असतं

आत्या: नसतं चाललं. उद्या तूच म्हणाली असतीस आत्याने लपवलं. झोप आता

(दुसऱ्या दिवशी)

सायली: डॉक्टरांशी बोलले. आईने सांगितलेलं सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या हलकं वाटतंय, सेफाझोलिन देऊ, फाइलवर लाल पेनने लिहिलं. या वेळी मी प्रश्न लिहून नेले होते, त्यांनी पण नीट बसून उत्तरं दिली. काल रात्री मी रडले होते थोडी, आज बरं वाटतंय. पूर्ण नाही, पण बरं

प्राची वहिनी: थोडं रडू येतंच गं. मोठीला आमच्याकडे आणून सोडा, कितीही वाजता, बेल वाजवायची, फोन करत बसू नका

रोहन: आणि मी ऑफिसमधून निघेपर्यंत वेळ जाईल म्हणून दिवसा काकांना सांगायचं ठरलंय. काका चालेल ना

काका: चालेल म्हणजे काय, गाडीची टाकी फुल करून ठेवतो. रात्री पण मीच येईन, एक रिंग दिली तरी पुरे

आई: भाऊजी, तुमचा फोन रात्री सायलेंटवर असतो

काका: असतो खरं. आजपासून नसेल

आत्या: दादा, आत्ता लावून बघते मी. उचल