प्रतिसाद: व्हर्मीरची दूध ओतणारी बाई

सतराव्या शतकातल्या डच चित्रकार व्हर्मीरच्या या चित्राबद्दल ‘व्हर्मीरने मोलकरणीला पोर्ट्रेटचा मान दिला’ हे वरच्या प्रतिसादात आलंय, ते अर्धंच पटलं. पोर्ट्रेट सहसा पैसे मोजणाऱ्याचं व्हायचं. या बाईचं तर नावही नोंदलेलं नाही. पण एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. २०२२मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने या चित्राच्या स्कॅनिंगमध्ये काय सापडलं ते जाहीर केलं. तिच्या डोक्यामागे आधी मडकी टांगायची फळी होती आणि खाली उजवीकडे विणलेली शेगडी-टोपली. तान्ह्या बाळाला ऊब द्यायला, दुपटी वाळवायला डच घरांत ती वापरत. व्हर्मीरने दोन्ही रंगाखाली बुजवलं. म्हणून ती रिकामी पांढरी भिंत! चित्र निःसंशय सुधारलं, पण पसाऱ्याबरोबर तिची बरीचशी कामंही झाकली गेली, असं मला वाटतं.