जमीन घेण्यापूर्वी कागद कसे तपासलेत? तुमचे अनुभव लिहा

2014 साली आम्ही भोर तालुक्यात एक एकर जमीन घेतली. सासऱ्यांच्या नावे शेती असल्यामुळे शेतकरी दाखल्याची अडचण नव्हती. सातबारा कोरा. 'इतर हक्क' या रकान्यात एक ओळ नाही, सोसायटीच्या कर्जाचा बोजा नाही, भोगवटादार वर्ग 1 (म्हणजे विकायला सरकारी अट नसलेली जमीन), खातेदार दोन सख्खे भाऊ, आणि दोघंही आमच्यासमोर बसलेले. मध्यस्थ म्हणाला, "ताई, पाण्यासारखा स्वच्छ सातबारा आहे." आम्हाला तेवढंच ऐकायचं होतं.

तिसऱ्या वर्षी प्रांत कार्यालयाची नोटीस आली. त्या भावांना एक बहीण होती. वडील 1991 मध्ये गेले तेव्हा वारसनोंदीत फक्त मुलगे लागले. ती लग्न होऊन वाईला गेलेली, तिचं नाव तलाठ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने त्या वारसनोंदीच्या फेरफाराविरुद्ध (सातबाऱ्यावरची नावं बदलणाऱ्या नोंदीविरुद्ध) अपील केलं होतं आणि दिवाणी कोर्टात वाटपाचा दावाही लावला होता.

तो फेरफार मी तेव्हा पहिल्यांदा वाचला. 'मयताचे वारस मुलगे 2' एवढंच त्यात होतं. आईचंही नाव नव्हतं, आणि आई तर 2009 पर्यंत हयात होती! ही एक ओळ आधी वाचली असती तर पुढचा प्रश्न आपोआप सुचला असता. सातबाऱ्यावर नावांशेजारी फेरफाराचा नंबर छापलेला होता. आम्ही त्याच्याकडे पाहिलं होतं, काढून वाचला नव्हता.

मी वाईला त्या मावशींच्या घरी गेले. त्यांनी पत्र्याच्या डब्यातून शाळा सोडल्याचा दाखला काढून माझ्यासमोर ठेवला. आपण आपल्याच वडिलांची मुलगी आहोत हे सांगायला त्यांना तो दोन वर्षं कोर्टात नेआण करावा लागला होता. शेवटी तडजोड झाली. त्यांच्या हिश्श्याचे पैसे आम्ही दिले, त्यांनी आमच्या खरेदीला मान्यता देणारा लेख नोंदणी करून दिला आणि दावा मागे घेतला. एका जमिनीचे पैसे आम्ही जवळजवळ दीड वेळा दिले. भावांचा राग येतो, पण मावशींचा कधीच आला नाही.

म्हणून हा धागा. घेताना, विकताना, वारसा लावताना जे घडलं ते लिहा. फसलेलं लिहा, वेळेत सावध झालेलं तर जरूर लिहा. कुणाचं, कुठल्या कार्यालयाचं किंवा बिल्डरचं नाव मात्र नको.

सातारा, निवृत्त मंडळ अधिकारी

ताई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं, कारण अशा नोंदी मी स्वतः शेकड्यांनी पाहिल्यात. आधी तलाठी आणि मग मंडळ अधिकारी, असं माझं सगळं आयुष्य दप्तरात गेलं. लोक माझ्याकडे कागद घेऊन यायचे ते इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, दिल्यावर. इसाराआधी आलेला माणूस क्वचितच पाहिला.

सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे. जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 157 प्रमाणे त्यातली नोंद खरी धरली जाते, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. मालकी कुणाची हे शेवटी दिवाणी कोर्ट ठरवतं. तेव्हा आजचा उतारा हे गोष्टीचं शेवटचं पान समजा आणि मागे मागे जा. नावाजवळचा फेरफार काढा. तो खरेदीचा असेल तर खरेदीखत पाहा. वारसाचा असेल तर मयताला मुली किती, पत्नी हयात होती का, दुसरं लग्न होतं का, हे गावात विचारा. वाटपाचा असेल तर सर्व हिस्सेदारांच्या सह्या किंवा तहसीलदारांचा आदेश पाहा. मग त्या आधीचा फेरफार. हाताने लिहिलेले जुने सातबारे आणि फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मिळतात. जमिनींचं एकत्रीकरण (तुकडे जोडून गट करणं) झालेल्या गावात गट नंबराच्या मागे जुना सर्व्हे नंबर असतो, तिथवर जावं लागतं.

जुन्या उताऱ्यांवरची दोन लघुरूपं ओळखायला शिका. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही जमीन त्या एकट्याची नाही, नावापुरता तो पुढे आहे, त्याच्या भावांची नावं पुढे कुठल्या फेरफाराने लागली ते शोधा. आणि 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मालक तेव्हा लहान होता. लहान मुलाच्या मालकीची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय पालकाने विकली असेल तर तो मुलगा सज्ञान झाल्यावर 3 वर्षांत ती विक्री रद्द करून मागू शकतो. कंस केलेलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव. ते का कमी झालं हे तुम्ही विचारायलाच हवं.

आणखी एक. हल्लीच्या उताऱ्यात 'प्रलंबित फेरफार' अशी ओळ असते. तिथे नंबर दिसला तर थांबा. दस्त झाल्यावर नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात, मग नोंद प्रमाणित होते. याच मधल्या दिवसांत तीच जमीन दुसऱ्यांदा विकल्याची उदाहरणं माझ्या सर्कलमध्ये झाली आहेत.

छत्रपती संभाजीनगर, शिक्षिका

माझी चूक सरळ आहे. प्लॉट विकणाऱ्याने रंगीत लेआऊट दाखवला, त्यात बाग, मंदिर, 30 फुटी रस्ते. माझा प्लॉट नंबर 14, क्षेत्र एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट. एनए (बिनशेती) होणारच आहे म्हणाले.

दस्त नोंदवायला गेले तर माझ्यासोबत अनोळखी दहा माणसं. अकरा जणांनी मिळून अकरा गुंठे सामाईक घेतल्याचं एकच खरेदीखत होतं, कारण एकेक गुंठा तुकडेबंदीमुळे (शेतजमिनीचे फार लहान तुकडे करायला बंदी असल्यामुळे) नोंदवला जात नव्हता. मी सही केली. दहा जण करत होते, म्हणून मीही केली.

आज सातबाऱ्यावर आमची अकरा नावं आहेत. 'प्लॉट 14' हा शब्द कुठल्याच सरकारी कागदात नाही. वेगळा प्लॉट म्हणून विकायचं तर दहा जणांची संमती पाहिजे, त्यातले दोघे वारले आणि एकाचा फोन लागत नाही. बँक कर्ज देत नाही. रस्ता म्हणून दाखवलेली पट्टी मूळ मालकाच्याच नावे आहे आणि तिथे त्याने यंदा तूर लावली. लेआऊट घेऊन कुणी आलं तर त्याला मंजूर रेखांकनाची प्रत आणि बिनशेतीचा आदेश मागा आणि त्या आदेशाचा क्रमांक ज्या कार्यालयाने दिला तिथे जाऊन स्वतः पडताळा. बावीस वर्षांच्या नोकरीतली बचत त्या एका गुंठ्यात आहे.

मुंबई, मूळ गाव संगमेश्वर

आमच्या गावच्या सातबाऱ्यावर 27 नावं आहेत, सगळी सामाईक. पणजोबांपासून कुणी वाटप केलं नाही. त्यातली निम्मी माणसं मुंबईत, काहींचा पत्ता आम्हालाही नाही. एका काकांनी 'आपला तुकडा' बाहेरच्या माणसाला विकला. आंब्याच्या कलमांची उतरती जागा दाखवली, त्याने कुंपणाचे चिरेही आणून टाकले.

त्याला मिळाला तो फक्त काकांचा अविभक्त हिस्सा. कुठली जागा त्याची, हे वाटप झाल्याशिवाय ठरत नाही. आम्ही हरकत घेतली, त्याने वाटपाचा दावा लावला, 27 जणांना समन्स काढता काढताच दोन वर्षं गेली. माणूस भला आहे, गणपतीला भेटतो तेव्हा बोलतो. चिरे अजून तिथेच पडून आहेत. कोकणात जमीन घेणाऱ्यांना हात जोडून सांगते, विकणारा जागा दाखवत असेल तर त्याला आधी वाटपाचा फेरफार आणि पोटहिश्श्याचा नकाशा दाखवायला सांगा.

अलिबाग

वरच्या ताईंना जोड म्हणून. इतर हक्कात 'कलम 43 च्या शर्तीस अधीन' असा शेरा असेल तर ती कुळाला कूळकायद्याने मिळालेली जमीन आहे. 32म चं (कुळाने जमीन विकत घेतल्याचं) प्रमाणपत्र मिळून 10 वर्षं झाली असतील तर आता आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) 40 पट नजराणा सरकारला भरून विकता येते, पण ते चलन भरलंय का हे आम्ही पाहिलं नाही आणि नोंद रद्द झाली. 40 पट म्हणजे फार मोठी रक्कम नसते. काही हजारांत काम झालं असतं, त्यासाठी वर्षभर तहसीलच्या चकरा मारल्या.

दिंडोरी, द्राक्ष बागायतदार

मोजणी केल्याशिवाय पैसे देऊ नका. सातबाऱ्यावर 80 आर, म्हणजे 2 एकरांच्या थोडं खाली. भूमी अभिलेखची मोजणी झाली, क प्रत (मोजणीचा नकाशा) हातात आली, तर पूर्वेकडचा बांध शेजाऱ्याने आत ढकललेला आणि ओढ्याकडचा पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) धरून वापरात जेमतेम दीड एकर. मोजणीची फी विकणाऱ्याने भरावी म्हणून आम्ही दोन महिने भांडलो होतो. शेवटी मीच भरली. ती भरली म्हणून भाव बदलून घेता आला, नाहीतर बागेचं सगळं गणित कोलमडलं असतं. रस्ता नकाशात आहे का, हेही त्याच वेळी बघा. बांधावरून जाऊ देणारा शेजारी उद्या जाऊ देईल याची खात्री नसते.

डिचोली, गोवा

आमच्याकडे सातबाऱ्याऐवजी नमुना 1 व 14 असतो. माझे मामा कोल्हापूरहून गोव्यात घर घ्यायला आले, नमुन्यावर एकाच गृहस्थाचं नाव पाहून खूश झाले. मी थांबवलं. गोव्यात पोर्तुगीज काळातली नागरी संहिता अजून लागू आहे आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात. त्या गृहस्थांची पत्नी वेगळी राहत होती, तिला विक्रीचा पत्ताच नव्हता. तिची सही नसती तर ते खरेदीखत टिकलं नसतं.

पुढे कळलं की घर त्यांच्या वडिलांकडून आलेलं आणि वडिलांच्या पश्चात इन्व्हेंटरी झालीच नव्हती, म्हणजे कोर्टातून वाटे पडलेच नव्हते. आवारात मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घरही होतं. ते कुटुंब तीन पिढ्या तिथे राहतंय, त्यांना कायद्याचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. मामांनी व्यवहार सोडला.

सोलापूर

आमचा अनुभव कुलमुखत्यारपत्राचा. मालक परदेशात, व्यवहार त्यांचा पुतण्या करणार. पत्र वकिलातीत साक्षांकित केलेलं, भारतात आल्यावर मुद्रांकही 3 महिन्यांच्या आत लावलेला. आमच्या वकीलबाईंनी 30 वर्षांचा शोध घेतला, निबंधक कार्यालयातली सूची 2 (नोंदवलेल्या दस्तांची यादी) पाहिली, तालुक्यात खपतो त्याच वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. सगळं बरोबर. तरी त्या म्हणाल्या, मालकांशी एकदा व्हिडिओ कॉलवर बोलते.

पुतण्या आठवडाभर वेळ देईना. 'काका आजारी आहेत' म्हणाला. शेवटी वकीलबाईंनी मालकांच्या मुलीचा नंबर शोधला. काका चार महिन्यांपूर्वीच गेले होते. मालक गेला की मुखत्यारपत्र त्याच दिवशी संपतं. आमचे पैसे अजून दिलेले नव्हते म्हणून हे मी शांतपणे लिहू शकतो. त्या बाईंना आम्ही दर दिवाळीला फराळ नेतो.

जव्हार

इथे सगळे घेणारे लिहितायत, मी दुसऱ्या बाजूने लिहितो. आम्ही आदिवासी. आजोबांची वरकस (हलकी, डोंगरउताराची) जमीन एका माणसाने कागदावर अंगठा घेऊन कित्येक वर्षं कसली. आजोबांना वाटत होतं ते उसनवारीचं पत्र आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने, जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 36अ प्रमाणे. ती परवानगी कुठेच नव्हती. वडिलांनी अर्ज केला तेव्हा मी चौथीत होतो, जमीन परत नावावर आली तेव्हा माझं कॉलेज संपलं होतं. आजोबा तोवर राहिले नाहीत.

तुम्हाला जमीन दाखवणारा म्हणेल, 'परवानगीचं आम्ही बघतो.' तेव्हा उठून या. कागदावर ज्यांचं नाव आहे त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या भाषेत विचारा की तुम्ही हे खरंच विकताय का.

पुणे

धागा काल रात्री वाचला. आज सकाळी वेल्ह्यात टोकन द्यायचं होतं, थांबवलं. 15 रुपयांचा डिजिटल सहीचा सातबारा होता, त्यावरून एक फेरफार ऑनलाइन काढला. 2003 चा वारसाचा आहे. मुलगे 3, पत्नी 1, मुली नाहीत असं लिहिलंय. पण विकणाऱ्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा भिंतीवर कुटुंबाचा जुना फोटो होता आणि त्यात मधोमध दोन वेण्या घातलेली मुलगी होती. कशी विचारू?

धागाकर्ती

सरळ विचारा. त्यांच्या आईलाच विचारा, फोटोतली मुलगी कोण म्हणून. ती मुलगी कुठे दिली आहे ते कळलं की टोकनाआधी तिला भेटून या, आणि काय झालं ते इथे लिहा. मी वाट पाहते.